पाणी, कोर्ट आणि कोकण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिपळूण-खेड पट्ट्यात वकिली करताना आणि वाड्यावाड्यांतल्या बैठकांत बसताना पाण्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर आले, ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो लोकांच्याच शब्दांत ठेवलेत. तुमच्या प्रकरणात नेमकं काय करायचं, हे कागद बघितल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही. पण कुठल्या दाराशी जायचं आणि जाताना हातात काय न्यायचं, एवढं यातून नक्की कळेल.

आमच्याकडे एवढा पाऊस पडतो. मग पाण्यासाठी कोर्टात जायची वेळ का यावी?

रत्नागिरीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्यात एप्रिलमध्ये टँकर फिरतात. इथला जांभा दगड सच्छिद्र असतो. पाणी वरून झिरपतं आणि खालच्या काळ्या कातळावर पोचलं की उताराच्या बाजूनं झऱ्यांतून, पऱ्यांतून वाहून जातं. सह्याद्रीपासून खाडीपर्यंतचं अंतर थोडं आणि उतार मोठा. त्यामुळे नद्यांचं पाणी काही तासांत समुद्राला मिळतं. शिमगा झाला की सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, विहिरी तळ दाखवू लागतात. खाडीकाठी उपसा वाढला की विहिरीला खारट चव येते.

इथवर निसर्गाचा भाग. पण त्याच गावात एका वाडीला रोज तासभर नळ आणि वरच्या धनगरवाडीला आठवड्यातून एक टँकर, हे कुणीतरी ठरवलेलं असतं. टाकी कुठे बांधायची, लाइन कुठपर्यंत न्यायची, योजना अर्धवट टाकून ठेकेदार निघून गेला तर त्याला जाब कोण विचारणार, हे सगळे माणसांचे निर्णय आहेत. आणि सरकारी निर्णयाबद्दल कोर्टात प्रश्न विचारता येतो. पाऊस पाडायला कोर्टाला कुणी सांगत नाही, वाटप नीट करायला सांगतात.

पाण्याचा हक्क नेमका कुठल्या कलमात लिहिलाय?

‘पाण्याचा हक्क’ असे शब्द राज्यघटनेच्या मूलभूत हक्कांच्या यादीत सापडणार नाहीत. कलम २१ जीविताच्या हक्काचं आहे. त्या एका कलमात काय काय येतं, हे न्यायालयांनी प्रकरणागणिक सांगत नेलं. १९९१ साली सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. याच निकालात ती याचिका मात्र फेटाळली गेली, कारण ज्या कंपनीवर प्रदूषणाचा आरोप होता तिच्याशी याचिकाकर्त्याचा स्वतःचा वाद होता आणि जनहिताच्या नावाखाली तो पुढे रेटला जात होता. हा दुसरा भाग कुणी सांगत नाही. गावातलं भांडण पाण्याच्या याचिकेत मिसळू नका, असं मी प्रत्येक बैठकीत सांगते ते यामुळेच.

आपल्या जवळचं उदाहरण हवं असेल तर भिवंडी तालुक्यातलं कांबे गाव घ्या. तिथल्या लोकांना महिन्यातून दोनदा, दोन-दोन तास पाणी मिळत होतं. ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. सप्टेंबर २०२१ मध्ये खंडपीठानं स्पष्ट सांगितलं, की नियमित पिण्याचं पाणी मिळणं हा मूलभूत हक्क आहे आणि स्वातंत्र्याच्या पंच्याहत्तराव्या वर्षात त्यासाठी लोकांना कोर्टाचं दार ठोठवावं लागतं हे दुर्दैवी आहे. बेकायदा जोडण्या काढायला लावण्यापर्यंत ते प्रकरण गेलं.

महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह शाळेत शिकलो. त्यात कोर्टाचा काय संबंध?

मोठा संबंध आहे, आणि कोकणातल्या पाण्याच्या कोर्टकज्जांची सुरुवात माझ्या मते तिथूनच धरायला हवी.

१९२३ साली सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलनं मंजूर केला: सरकारी खर्चानं चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना खुल्या असाव्यात. पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेनं आपलं तळं खुलं असल्याचा ठराव केला. कागदावर सगळं झालं होतं. प्रत्यक्षात पाणी भरायला कुणी गेलं नव्हतं, कारण जाऊ देणार नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर लोकांवर हल्ले झाले, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ केलं गेलं.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. तो व्हायच्या आधी काही सवर्ण रहिवासी महाडच्या दिवाणी न्यायालयात गेले. तळं आमचं आहे आणि अस्पृश्यांनी ते वापरायचं नाही ही अनादि काळापासूनची वहिवाट आहे, असं त्यांचं म्हणणं. १४ डिसेंबरला कोर्टानं तात्पुरता मनाई हुकूम दिला. सत्याग्रही जमलेले, तयारी झालेली. बाबासाहेबांनी त्यांना समजावलं आणि तळ्यावर पाणी घ्यायला जाणं थांबवलं. स्वतः बॅरिस्टर असलेल्या माणसानं आपल्याविरुद्धचा हुकूम पाळला आणि लढा कोर्टात नेला.

मनाई हुकूम १९२८ च्या फेब्रुवारीत उठला. मूळ दावा १९३१ मध्ये आंबेडकरांच्या बाजूनं निकाली निघाला. ठाण्याच्या न्यायालयात झालेलं अपील १९३३ मध्ये फेटाळलं गेलं. मग उच्च न्यायालय. १७ मार्च १९३७ ला न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड आणि वाडिया यांनी नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर या प्रकरणात निकाल दिला, की अनादि काळापासूनची वहिवाट सिद्ध झालेली नाही.

तळं चार-पाच एकरांचं. त्यातली ओंजळ कायद्यानं आपली ठरायला दहा वर्षं गेली.

हा निकाल वाचताना एक गोष्ट मला दर वेळी खटकते. समतेबद्दल त्यात फार काही नाही. सगळा वाद ‘वहिवाट सिद्ध झाली की नाही’ या पुराव्याच्या प्रश्नावर फिरतो. समोरच्यांकडे पुरेसा पुरावा नव्हता म्हणून ते हरले. आजही पाण्याची प्रकरणं बहुतेक अशीच ठरतात. ज्याच्याकडे तारखा, पावत्या आणि नोंदी आहेत त्याचं म्हणणं टिकतं. म्हणून या पानावर नोंदींच्या वहीबद्दल मी इतकं बोलणार आहे.

आता कुणी पाणी अडवत नाही. पण आमच्या बौद्धवाडीपर्यंत लाइनच आली नाही. याला काय म्हणायचं?

भेदभाव दर वेळी हात धरून अडवूनच होतो असं नाही. योजनेचा नकाशा मुख्य वाडीपाशी संपतो, ‘उंचावर आहे’, ‘घरं कमी आहेत’, ‘पुढच्या टप्प्यात घेऊ’ असं सांगितलं जातं, आणि तो टप्पा येत नाही.

घटनेच्या कलम १५ मध्ये विहिरी, तळी, स्नानाचे घाट यांचा वापर जातीच्या कारणावरून नाकारता येणार नाही, असं स्वच्छ लिहिलंय. कलम १७ नं अस्पृश्यता संपवली. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३ खाली या लोकांच्या वापरातला पाणवठा घाण करणं हा गुन्हा आहे. नदी, झरा, विहीर, तळं, सार्वजनिक नळ वापरू न देणं हाही गुन्हा आहे. पोलिसांत तक्रार देता येते आणि तिचा तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानं करायचा असतो.

लाइन न पोचणं हे मात्र फौजदारी गुन्ह्यात बसवणं अवघड जातं. तिथे रिट याचिकेत, म्हणजे सरकारविरुद्ध उच्च न्यायालयात केलेल्या याचिकेत, समानतेचा मुद्दा जास्त चालतो. त्यासाठी माहितीच्या अधिकारात योजनेचं अंदाजपत्रक, नकाशा आणि लाभार्थी घरांची यादी मागवा. शुल्क दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही, उत्तराची मुदत तीस दिवस. अंदाजपत्रकात तुमची वाडी धरलेली असेल आणि जमिनीवर पाइप नसेल, तर प्रकरण निम्मं तिथेच उभं राहतं. वाडी धरलेलीच नसेल, तर का धरली नाही याचं उत्तर सरकारला प्रतिज्ञापत्रावर द्यावं लागतं. तोंडी ‘बघू’ म्हणणं आणि प्रतिज्ञापत्रावर लिहून देणं यात फार फरक आहे.

कोर्टात जायच्या आधी काय करायचं?

वही घाला. साधी शंभर पानी वही.

टँकर कोणत्या तारखेला, किती वाजता आला, किती घरांना किती हंडे मिळाले. नळ कधी सुटला, किती मिनिटं चालला. विहीर कोणत्या तारखेला आटली. बायका कुठल्या झऱ्यावर जातात, जायला-यायला किती वेळ लागतो. पाणी गढूळ आलं तर तारीख टाकून फोटो. कुणाला जुलाब-कावीळ झाली आणि आरोग्य केंद्रात नेलं, तर केसपेपरची झेरॉक्स.

एका प्रकरणात, वाडीला रोज टँकर जातो, असं उत्तर समोरच्यांकडून दाखल झालं होतं. आमच्या अशिलांपैकी एका मावशींनी स्वयंपाकघरातलं कॅलेंडर आणलं होतं. टँकर आला त्या दिवसाला त्या पेन्सिलनं गोल करायच्या. मे महिन्याच्या पानावर नऊ गोल होते. पुढच्या तारखेला समोरच्यांना टँकरचं लॉगबुक आणि जीपीएसच्या नोंदी हजर करायला सांगितलं गेलं, आणि त्यानंतर ‘रोज’ हा शब्द कुणी उच्चारला नाही.

वहीबरोबर तीन कागद लागतात. ग्रामपंचायतीला दिलेला अर्ज, त्यावर शिक्क्याची पोच. ग्रामसभेचा ठराव, मिळाला तर फारच उत्तम. गटविकास अधिकारी किंवा तहसीलदार यांना दिलेलं निवेदन, तेही पोचसकट. यातलं काहीच न करता थेट उच्च न्यायालयात गेलात, तर पहिला प्रश्न हाच येतो: आधी कुणाकडे मागितलंत?

पाणी पिण्यायोग्य नाही अशी तक्रार असेल, तर प्रयोगशाळेचा अहवाल हवा. गावच्या जलसुरक्षकामार्फत नमुना शासकीय प्रयोगशाळेत जातो. जंतू तपासायचे असतील तर बाटली निर्जंतुक हवी, नमुना थंड ठेवून चोवीस तासांच्या आत पोचायला हवा. पाण्याची घरची बाटली चालत नाही. भारतीय मानक १०५०० प्रमाणे पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय जंतू अजिबात नसावेत. क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर १००० पर्यंत चालवून घेतात. खाडीकाठच्या गावांनी हा क्लोराइडचा आकडा दरवर्षी मे महिन्यात नोंदवून ठेवावा. विहीर कधीपासून खारी होऊ लागली हे त्यावरूनच दाखवता येतं.

कुठलं कोर्ट? तालुक्याचं, रत्नागिरीचं, मुंबईचं की पुण्याचं?

तक्रार काय आहे त्यावर ठरतं.

गावात सार्वजनिक पाणवठ्यात कुणी सांडपाणी सोडतंय, गटार फुटून विहिरीत उतरतंय, अशी बाब असेल तर प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३) ते उपद्रव हटवायचा सशर्त आदेश देऊ शकतात. हे दार जवळ आहे, स्वस्त आहे आणि लोकांना जवळजवळ माहीतच नाही.

पाणीपुरवठ्याची सेवाच नीट मिळत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरण कायद्याखालची स्थायी लोकअदालत हा मार्ग आहे. लोकांना पाणी पुरवणं ही त्या कायद्यात ‘सार्वजनिक उपयोगिता सेवा’ मानली आहे. तिथे कोर्ट फी नाही, आणि तडजोड झाली नाही तर लोकअदालत स्वतः निर्णयही देऊ शकते. तुमच्या जिल्ह्यासाठी ती कुठे बसते हे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा.

सरकार, जिल्हा परिषद, नगरपरिषद आपलं कर्तव्य करत नसेल तर उच्च न्यायालय. इथे एक महत्त्वाचा बदल झालाय. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे त्याच्याखाली आले. रायगड, ठाणे, पालघर अजूनही मुंबईकडे. दोडामार्गच्या माणसाला मुंबईची तारीख म्हणजे दोन रात्रींचा प्रवास आणि राहायची सोय. आता सकाळी निघून घाट चढला की संध्याकाळी परत येता येतं. पाण्याच्या प्रकरणात बायका स्वतः सुनावणीला येऊन बसू शकतात, ही मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

प्रदूषण असेल तर राष्ट्रीय हरित लवाद, म्हणजे पर्यावरणाचे वाद चालवणारं न्यायपीठ. त्याचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे.

कारखान्याचं पाणी नदीत येतं. मासे मरतात, काठच्या विहिरींना वास येतो. आम्ही कुणाला धरायचं?

वाशिष्ठी, जगबुडी, सावित्री, कुंडलिका, पाताळगंगा. कोकणातल्या रासायनिक वसाहती नद्यांच्या काठीच वसल्या आणि खाली खाडीत मासेमारी करणारी गावं. लोटे-परशुराम वसाहतीच्या सांडपाण्याबद्दल दाभोळ खाडीतले मच्छीमार कित्येक वर्षं तक्रार करत आले आहेत. पालघरकडे तारापूरच्या प्रदूषणाविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषद ही मच्छीमारांची संघटना हरित लवादात गेली आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादानं तिथल्या उद्योगांवर आणि सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर भरपाईची जबाबदारी टाकली.

लवादात जाताना मुदत पाळा. पर्यावरणाच्या वादासाठी कारण घडल्यापासून सहा महिने. नुकसानभरपाई मागायची असेल तर पाच वर्षं. दोन्हींना सबळ कारण असेल तर साठ दिवसांची जास्तीची सवलत. भरपाई न मागता केलेल्या अर्जाचं शुल्क एक हजार रुपये. वकील दिलाच पाहिजे असं नाही. लवादाच्या निकालावर नव्वद दिवसांत सर्वोच्च न्यायालयात अपील होतं. बातमी किंवा पत्रावरून लवाद स्वतःहून दखल घेऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२१ साली मुंबई महापालिका विरुद्ध अंकिता सिन्हा या प्रकरणात मान्य केलंय.

आता नमुन्याची अडचण, आणि हिच्यात निम्मी प्रकरणं अडकतात. पहाटे तीनला पाणी सुटतं. सकाळी अकराला अधिकारी येतात, तेव्हा नदी निवळलेली असते. जल प्रदूषण कायदा १९७४ च्या कलम २१ प्रमाणे कारखान्याविरुद्ध वापरायचा नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यानं, कारखान्याला नोटीस देऊन, दोन भाग करून, सीलबंद करून घ्यायचा असतो. तुम्ही बाटलीत भरलेलं पाणी तो नमुना होत नाही. पण म्हणून ते निरुपयोगी नाही. तारीख-वेळ दिसणारा व्हिडिओ, मेलेल्या माशांचे फोटो आणि त्याच मिनिटाला प्रदूषण नियंत्रण मंडळाला केलेला ईमेल, हे असलं की ‘आम्हाला कळवलंच नाही’ असं म्हणता येत नाही. मंडळाची उपप्रादेशिक कार्यालयं चिपळूणला आणि महाडला आहेत. एकदा नाही, प्रत्येक वेळी कळवा. बारा वेळा कळवून दोनदाच पाहणी झाली, ही गोष्ट स्वतःच लवादापुढे पुरावा ठरते.

सामायिक प्रक्रिया केंद्र आहे, ते चालू आहे, एवढ्यावर ऐकून घेऊ नका. २०१७ च्या पर्यावरण सुरक्षा समिती प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय, की प्रक्रिया यंत्रणा प्रत्यक्ष काम करत असेल तरच उद्योग चालू राहावा. कारखान्याच्या संमतीपत्रात किती पाणी, कोणत्या प्रतीचं सोडायचं हे लिहिलेलं असतं. ते मिळवा आणि शेजारी तपासणीचे आकडे ठेवा.

ग्रामपंचायत म्हणते, करायचं आहे पण पैसे नाहीत.

१९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयात रतलाम नगरपालिकेनंही हेच सांगितलं होतं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते ऐकून घेतलं नाही. लोकांच्या आरोग्याचं मूलभूत काम पैशाअभावी टाळता येणार नाही, हा त्या निकालाचा गाभा. तरीही माझं मत असं, की छोट्या ग्रामपंचायतीला एकटीला प्रतिवादी करून फार काही मिळत नाही. जिल्हा परिषद आणि राज्य शासन यांनाही पक्षकार करा. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटरचं उद्दिष्ट शासनानंच ठेवलंय, त्याचा जाब शासनालाच द्यावा लागेल.

घर नावावर नाही, जागा वादातली आहे, घरपट्टी थकलीय. नळ मागू शकतो का?

मागू शकता. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं १५ डिसेंबर २०१४ ला निर्णय दिला. झोपडी बेकायदा आहे म्हणून तिथल्या माणसांना पिण्याचं पाणीच नाकारता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. कायदेशीर घरासारखीच जोडणी मिळेल असं नाही, दर जास्त लावता येईल, घरोघरी नळ न देता दुसरी व्यवस्था करता येईल, पण शून्य पाणी देता येणार नाही. पाणी मिळालं म्हणून घर कायदेशीर होत नाही, हेही त्यात आहेच. निकाल २०१४ चा. मुंबई महापालिकेचं ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण आलं २०२२ च्या मे महिन्यात. मधली साडेसात वर्षं ती माणसं विकतचं पाणी पीत होती.

वीटभट्टीवर, आंब्याच्या बागेत, बोटींवर राबायला आलेली कुटुंबं आपल्या गावातच राहतात. हा निकाल त्यांनाही लागू होतो, याची आठवण ग्रामसभेत कुणीतरी करून द्यायला हवी.

पिढ्यान्‌पिढ्या ज्या बावीचं पाणी भरतो, ती आता मालकानं कुंपण घालून बंद केलीय.

मुंबईत स्थायिक झालेल्या कुटुंबानं जमीन विकली, नव्या मालकानं गेट लावलं, ही गोष्ट आता दर दोन-तीन गावांआड ऐकू येते. सुविधाधिकार कायदा १८८२ प्रमाणे वीस वर्षं उघडपणे, शांततेत, हक्क म्हणून पाणी भरत आला असाल तर तो अधिकार दिवाणी न्यायालयात मागता येतो. ‘हक्क म्हणून’ हे शब्द महत्त्वाचे. दर वेळी मालकाला विचारून, त्याच्या परवानगीनं भरत होता असं निघालं, तर दावा ढिला पडतो. शेतीसाठीचं पाणी किंवा पाट अडवला असेल तर मामलेदार कोर्ट कायदा १९०६ खाली तहसीलदारांकडे सहा महिन्यांच्या आत दावा करा.

त्याआधी एकदा मालकाशी बोला. मी पाहिलेल्या अशा वादांपैकी बरेचसे पाखाडीनं, म्हणजे दगडी पायवाटेनं, ये-जा करायची वेळ आणि गेटची एक चावी ठरवून मिटले आहेत.

सार्वजनिक विहिरीशेजारी रिसॉर्टनं बोअर मारली.

महाराष्ट्राच्या भूजल कायद्यानुसार सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर किंवा बोअर घेता येत नाही. तहसीलदारांकडे लेखी तक्रार करा, अंतर मोजून पंचनामा मागा. बोअरचं मशीन उभं असतानाच जा. पाणी लागल्यावर काम अवघड होतं.

खर्च किती? आमच्याकडे पैसे नाहीत.

महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. पाण्याची तक्रार घेऊन येणारी बहुतेक माणसं बायकाच असतात, म्हणजे बहुतेकांना हा हक्क आहे. तालुका न्यायालयातच तालुका विधी सेवा समिती बसते. फोनवरून विचारायचं तर १५१००. वकील मिळाला तरी झेरॉक्स, प्रवास, बुडालेली मजुरी हा खर्च राहतोच. तो वाडीनं वाटून घ्यावा, एका घरावर टाकू नये.

निकाल आमच्या बाजूनं लागला. वर्ष होत आलं, पाणी आलेलं नाही.

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघवत नाही. इतकं करून पुन्हा तिथेच.

आधी आदेशाची प्रमाणित प्रत घेऊन ज्या अधिकाऱ्याला तो लागू आहे त्याच्याकडे पोचसकट द्या. पुष्कळदा आदेश संबंधित टेबलापर्यंत गेलेलाच नसतो. मुदत संपल्यावर अवमान याचिका करता येते, पण अवमान घडल्यापासून एका वर्षाच्या आत. ‘अजून थोडी वाट बघू’ म्हणत ते वर्ष निघून जातं, तसं होऊ देऊ नका. जमलं तर सुरुवातीलाच विनंती करा, की याचिका निकाली न काढता दर काही आठवड्यांनी प्रगतीचा अहवाल मागवावा.

राजस्थानातल्या बिछडी गावच्या विहिरी रसायनांनी लाल झाल्या. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ‘प्रदूषण करणाऱ्यानं किंमत भरावी’ हे तत्त्व तिथे लावलं. कंपनीनं एकामागून एक अर्ज करून पैसे टाळले. २०११ मध्ये न्यायालयानं ती ३७ कोटींहून जास्त रक्कम चक्रवाढ व्याजासह भरायला सांगितली. जिंकलेल्या माणसांनीही पंधरा वर्षं पाठ सोडली नाही.

जूनमध्ये पाऊस पडला की टँकर थांबतो, आणि प्रकरणही थंड पडतं. मग करायचं काय?

हे कोकणातल्या पाण्याच्या प्रकरणांचं खरं दुखणं आहे. एप्रिलमध्ये धावपळ करून अर्ज टाकायचा, नोटीस निघेपर्यंत मे, आणि सुट्टीनंतर कोर्ट उघडतं तेव्हा बाहेर धो धो पाऊस. समोरचे वकील सांगतात, आता टंचाई नाही, याचिकेला अर्थ उरला नाही.

त्यामुळे मागणी फक्त टँकरची ठेवू नका. योजना कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण करणार, टाकी कधी, शेवटच्या घरापर्यंत लाइन कधी, पाण्याची तपासणी कोण आणि किती वेळा करणार, हे मागा. या गोष्टी पावसानं वाहून जात नाहीत. दाखल करायची वेळही बदला. जिल्ह्याचा टंचाई कृती आराखडा ऑक्टोबर ते जून या काळासाठी तयार होतो. दिवाळी झाली की पंचायत समितीत जाऊन आपल्या वाडीचं नाव त्यात आहे का ते बघा. नसेल तर नोव्हेंबरातच लेखी हरकत द्या, सोबत मागच्या वर्षीच्या वहीची झेरॉक्स जोडा. तिच्यावर विहीर आटल्याची तारीख असेल, टँकर न आलेले दिवस असतील. डिसेंबरात उत्तर आलं नाही तर जानेवारीत याचिका. सुनावणीला चार महिने हातात असतात, आणि विहिरीला तेव्हा अजून कमरेएवढं पाणी असतं.